यमाच्या कोर्टात आपली तारीख लागत नाही

यावर कविता लिहायला बसलो होतो. रात्रपाळी संपवून आलो की चार ओळी कागदावर उतरतात, तशा उतरल्या. मग फाडून टाकल्या. कवितेत माणूस रडून मोकळा होतो, आणि हा विषय रडून मोकळं व्हायचा नाही. हा भांडायचा विषय आहे. भांडण बाहेरच्याशी तर आहेच, पण आधी आपल्याच उंबऱ्यावर लावलेल्या एका दिव्याशी आहे.

त्या दिव्याची गोष्ट आधी सांगतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. शेजारी ब्लोरूम, म्हंजे जिथं कापसाच्या गाठी फोडून कापूस पिंजतात ते खातं. तिथं आपल्याच वस्तीतला एक पोरगा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, ठेकेदाराकडून लागलेला. मशीनचा बीटर फिरत असतानाच अडकलेला कापूस हातानं ओढून काढायला लावायचे. मशीन थांबवलं की उत्पादन पडतं, उत्पादन पडलं की जॉबर आईबहिणीवर येतो. बीटरवरचं लोखंडी झाकण कितीतरी दिवस काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते बसवलं की साफसफाईला वेळ जातो म्हणून. एका रात्री हात गेला. हातामागं तो गेला. दवाखान्यात पोचायच्या आधीच संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मस्टर बघितलं. त्यात त्याचं नाव होतं. रुजू झाल्याची तारीख, मेला त्याच दिवसाची. सात महिने राबत होता तेव्हा मस्टरवर नाव नव्हतं. मेला तेव्हा चढलं.

त्याची आई दोन दिवस गेटवर बसली. भरपाईचं सोडा, पाणी घ्या म्हणून कुणी म्हणलं नाही. शेवटी मेहेरबानी म्हणून धाकट्या भावाला कामावर घेतलं. त्याच ब्लोरूममध्ये. त्याच मशीनवर.

मग धनत्रयोदशी आली. मी त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आणि दारात कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडं केलेली. मी म्हणलं, "मावशी, हे काय?"

"यमाला लावलाय. थोरला न्हेलास, ह्याला तरी सोड म्हणलं."

मी तापलो. बावीस प्रतिज्ञा काढल्या, नागपूर काढलं, १४ ऑक्टोबर १९५६ काढलं. मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "लेका, तुमच्या कोर्टात काय मिळालं रं मला? कचेरीत दोन तारखा पडल्या, दोन्ही वेळी सायेब न्हाई. वर निदान वही तरी हाय. तिथं मेल्यावर नाव चढवत न्हाईत."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सायकल काढून परत आलो. हे पान म्हणजे ते त्या दिवशी न सुचलेलं उत्तर आहे. मावशीचा प्रश्न साधा आहे, आणि आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते त्याला शिव्या देऊन मोकळे होतात, जसा मी झालो होतो. प्रश्न असा : इथं न्याय मिळत नाही, तर मरणानंतर तरी मिळतो का? ती वही खरी आहे का? तो न्यायाधीश कसला आहे?

चला तर. ज्याला हिंदू धर्मराज म्हणतात, त्याचं रेकॉर्ड त्यांच्याच पोथ्यांतून तपासू. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

*

पहिली गोष्ट : हा यम मुळात न्यायाधीश नव्हताच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात तो आहे. विवस्वताचा पोरगा. मरणाऱ्यांत पहिला. त्यानं परलोकाची वाट पहिल्यांदा शोधली आणि मागून जाणाऱ्या पितरांचा तो राजा झाला. वाटेवर त्याचे दोन कुत्रे, चार-चार डोळ्यांचे, चट्ट्यापट्ट्यांचे. तिथं चित्रगुप्त नाही, वही नाही, उकळत्या तेलाच्या कढया नाहीत. आपल्या आधी मेलेला एक थोरला माणूस, बस्स.

न्यायासन, दंड, फास, रेडा, कारकून, नरकांची यादी हे सगळं मागाहून जमा झालं. गरुडपुराण काढून बघा. वैतरणी नदी रक्ता-पुवाची, आणि ती पार करायला काय पाहिजे? गाय. कुणाला द्यायची? ब्राह्मणाला. मेलेल्याची वाट लांब, वाटेत भूक-तहान, त्यासाठी पिंड, अन्न, भांडी, वस्त्र, अंथरूण. कुणाला द्यायचं? ब्राह्मणाला. यमाचा रस्ता असा आखलाय की प्रत्येक नाक्यावर एकच माणूस पावती फाडतोय. जगात जेवढे मेले तेवढ्यांचा टोल. आणि ज्याच्या घरात गायच काय, कोंबडी नाही, त्याच्या मेलेल्या पोरानं नदीच्या अलीकडंच बसून राहायचं.

म्हणून बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पक्ष आणि पिंडदान नाकारायला लावलं, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाकडून करून घ्यायचं नाही असं वदवून घेतलं. आपण ते पाठ केलं. पण का, हे मावशीला सांगितलं नाही.

*

आता न्यायाचं बघू. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची गोष्ट आहे. मांडव्य ऋषी मौन धरून बसलेला. चोर त्याच्या आश्रमात चोरीचा माल घेऊन लपले. राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर यालाही धरलं, राजानं सुळावर चढवलं. ऋषी मेला नाही. पुढं तो धर्माच्या, म्हंजे यमाच्या, दरबारात गेला आणि विचारलं, कोणत्या पापाची ही शिक्षा? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. ऋषी भडकला. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? त्यानं धर्मालाच शाप दिला : तू शूद्रिणीच्या पोटी जन्माला येशील. आणि वर नवा नियम घातला : चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरायचं नाही. शापाप्रमाणं यमधर्म हस्तिनापुरात दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्मला.

मित्रांनो, ही गोष्ट कीर्तनकार मुलांवर दया करा म्हणून सांगतात. तुम्ही ती निकालपत्रासारखी वाचा.

न्यायाचा देव चुकला. कबूल. त्याला शिक्षा ठोठवायची वेळ आली. सगळे नरक त्याच्याच ताब्यात आहेत. रौरव आहे, कुंभीपाक आहे. त्यातला एकही त्याला पुरेसा वाटला नाही. मग नरकाच्या मालकाला घाबरवील अशी शिक्षा कोणती? शूद्राचा जन्म.

म्हंजे त्यांच्याच पोथीप्रमाणं आपलं जगणं हे नरकाच्या वरचं कलम आहे. मावशी ज्या कोर्टात अर्ज करतेय, त्या कोर्टातली सर्वांत मोठी शिक्षा ती जन्मापासून भोगतेय. आणि तिचा गुन्हा कुणी वाचून दाखवला नाही. छांदोग्य उपनिषदात एवढंच लिहून ठेवलंय की ज्यांची वागणूक चांगली ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्याच्या पोटी जातात, आणि वाईट वागणुकीचे कुत्री, डुकरीण किंवा चांडाळणीच्या पोटी. खलास. निकाल आधी, जन्म नंतर, पुरावा कधीच नाही. ऋषीच्या पोराला चौदा वर्षांची सूट, आपलं पोर आईच्या पोटात असतानाच सजायाफ्ता.

धर्म आणखी एकदा आपल्या वस्तीत आला होता. मार्कंडेय पुराणात. राजा हरिश्चंद्राचं सत्त्व बघायचं होतं. राज्य गेलं, बायको-पोर विकलं, तरी सत्त्व ढळेना. मग शेवटचा घाव : त्याला काशीच्या मसणवट्यात चांडाळाचा नोकर करायचं. तो चांडाळ कोण? खुद्द धर्म, सोंग घेऊन. परीक्षा संपली, सोंग उतरलं, राजा स्वर्गात. या गोष्टीवर नाटकं झाली, १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी आपल्या देशातला पहिला मोठा चित्रपट याच गोष्टीवर काढला, आणि लोक राजासाठी रडले. राजानं मसणात काही दिवस काढले त्यासाठी रडले. त्याच मसणात पिढ्यान् पिढ्या उभा असलेला डोम कुणाला दिसला नाही. काशीला आजही चितेचा अग्नी डोमाकडून घ्यावा लागतो. त्याच्या हातच्या विस्तवानं मोक्ष मिळतो, त्याच्या हातचं पाणी मात्र चालत नाही.

आणि तिसऱ्या वेळी धर्म कुत्रा झाला. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेला. तिथंही परीक्षाच, तिथंही शेवटी सोंग उतरलं.

शूद्र, चांडाळ, कुत्रा. धर्मराज तिन्ही पायऱ्या उतरून आला आणि तिन्ही वेळा वर निघून गेला. ज्याला खाली राहायचंच नाही त्याला खालच्यांचा न्यायाधीश कोण म्हणेल?

*

आता माझा खरा मुद्दा. तो मला पोथीत नाही, घरात सापडला.

आजा सांगायचा : त्याचा बाप, म्हंजे माझा पणजा, गावकीत होता. गावात कुणी मेलं की रात्री-अपरात्री हाक यायची. मयताची खबर पाव्हण्यांच्या गावाला पोचवायची. पायी, पाऊस असो, थंडी असो. तिथं जाऊन लांब उभं राहायचं, जोहार घालायचा आणि सांगायचं, अमुक गेला. सरपण मसणात नेऊन टाकायचं. मेलेल्याच्या अंगावरचं कापड मिळायचं, ते धुऊन घरात वापरायचं. मेलेलं ढोर ओढायचं. त्याबद्दल भाकरतुकडा. आजा म्हणायचा, "बा दारात दिसला की बाया आधी रडायला लागायच्या. तोंडबी उघडू देत न्हवत्या."

आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय घ्या. चांडाळानं गावाबाहेर राहायचं, मेलेल्यांची वस्त्रं नेसायची, फुटक्या भांड्यात खायचं, त्याचं धन कुत्री आणि गाढवं. ज्याला नातलग नाही असं प्रेत त्यानंच वाहायचं. राजानं मरणाची शिक्षा दिलेल्याला त्यानंच मारायचं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. मरणाची खबर आणणारा, प्रेत नेणारा, शिक्षा अमलात आणणारा, सोबतीला कुत्री. हे वर्णन कुणाचं? यमाचं. आणि महार-चांडाळाचंही. कामं तीच. मग वर बसून ती करणारा धर्मराज, त्याला धनत्रयोदशीला दिवा, नरकचतुर्दशीला तर्पण, भाऊबीजेचं नावच यमद्वितीया. आणि खाली उन्हा-चिखलात तीच कामं करणारा माझा पणजा अस्पृश्य. त्याची सावली नको.

मरण त्यांना एवढं विटाळाचं वाटतं, तर मरणाच्या देवाचा विटाळ का होत नाही? होत नाही, कारण तो देव कुणाचं मढं उचलत नाही. तो हुकूम सोडतो. उचलतो आपण. आपल्या बापजाद्यांनी हजार वर्षं यमाची नोकरी बिनपगारी केली, आणि देवपण मालकानं घेतलं.

ही नोकरी सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. वतन कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. पणजानं खबर न्यायची सोडली. पण गिरणीत काय, गटारात काय, मरणाला भिडायचं काम अजून कुणाच्या वाट्याला येतं? हातानं मैला साफ करण्यावर १९९३ साली बंदीचा कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरी दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ साली तीस लाख. मरणाची किंमत वाढली. गटारात उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो ते मात्र बदललं नाही.

आणि मेल्यावर तरी सारखेपणा? मरणाला जात नसते म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टात तामिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात वरच्या जातीच्या शेतातून वाट मिळेना, म्हणून एका दलिताचं प्रेत पुलावरून दोरांनी खाली सोडावं लागलं. आपल्याकडंही किती गावांत मसणवट दोन आहेत, हे तुम्ही आपापल्या गावी जाऊन मोजा.

*

यमाला एक भाऊ आहे. विवस्वताचाच पोरगा, नाव मनू. पंडित लगेच म्हणतील, स्मृतीचा मनू तो स्वायंभुव, हा वैवस्वत, तुम्ही अडाणी. असू द्या. आम्ही अडाणी. पण मनुस्मृतीच सातव्या अध्यायात सांगते की राजा हा इंद्र, यम वगैरे देवांचे अंश काढून घडवलाय. म्हंजे यमाच्या हातातली काठी राजाच्या हातात आली. आणि ती कशी चालवायची ते आठव्या अध्यायात आहे. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण दंड. ब्राह्मणानं शूद्राला दिली तर बारा. शूद्रानं द्विजाला दिली तर जीभ कापा. ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडन. आणि अकराव्यात, मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारला तर शूद्र मारल्याचं प्रायश्चित्त. चित्रगुप्ताच्या वहीतले भाव हे असे.

हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. पण १९८९ साली जयपूरला राजस्थान हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा बसवला. न्यायालयात! २०१८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं. त्या दोघींना यमाचं भय वाटलं नाही, आणि माझ्यासारखे पुरुष कविता करत बसलेत.

काठी कुणावर पडत नाही तेही बघा. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यम घरी आला आणि घाबरला. कशाला? ब्राह्मण अतिथी उपाशी राहिला तर घराची पुण्याई जळते. तीन रात्रींचे तीन वर देऊन टाकले. मावशी दोन दिवस गेटवर उपाशी बसली, तिच्या उपाशीपणानं कुणाची पुण्याई जळली?

भागवतात अजामिळ. ब्राह्मण, सगळी पापं करून झालेली. मरताना धाकट्या पोराला हाक मारली, पोराचं नाव नारायण. झालं. विष्णूचे दूत आले आणि यमदूतांना हाकलून लावलं. मार्कंडेयासाठी तर शंकरानं यमालाच लाथ घातली. आणि शंबूक? रामायणाच्या उत्तरकांडात एका ब्राह्मणाचं पोर अकाली मरतं. चौकशी होते. कारण काय निघतं? कुठंतरी एक शूद्र तप करतोय. रामानं जाऊन त्याचं डोकं उडवलं आणि ब्राह्मणाचं पोर जिवंत झालं. ही यमाच्या वहीची खाडाखोड. मावशी म्हणते तिथं खाडाखोड नाही. मावशी, आहे. एका बाजूचा आकडा खोडून दुसऱ्या बाजूला मांडतात, आणि खोडायचा आकडा नेहमी आपला असतो.

आपल्या चोखोबालाच विचारा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली, खाली मजूर मेले, त्यात चोखा. आजच्या भाषेत कामाच्या जागी अपघाती मृत्यू. म्हणतात की नामदेव हाडं शोधायला गेला तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोख्याची. हाडांनी साक्ष दिली. एवढी साक्ष कुठल्या कोर्टात झाली नसेल. तरी ती हाडं पुरली कुठं? देवळाच्या बाहेर. पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडलं १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. देवानं हाडं ओळखली आणि दारातच ठेवली. आणि ती भिंत कुणामुळं पडली याची चौकशी सातशे वर्षांत झाली नाही.

*

आता मावशीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. ती टाळली तर मी खोटा.

इथलं कोर्ट तरी काय देतं? खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एकाच घरातली चार माणसं मारली. शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या खटल्यात टिकला नाही. म्हंजे मारलं, पण जातीमुळं नाही! बिहारात लक्ष्मणपूर बाथेला १ डिसेंबर १९९७ ला अठ्ठावन्न माणसं मारली. खालच्या कोर्टानं २०१० साली सव्वीस जणांना दोषी धरलं, पाटणा हायकोर्टानं २०१३ साली सव्वीसच्या सव्वीस सोडले. नगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली सतरा वर्षांचं पोर मारलं, २०१७ साली आरोपी निर्दोष. मग त्या पोराला मारलं कुणी? यमानं?

हे सगळं खरं आहे. म्हणून आई आभाळाकडं बघते. तिला हसू नका.

पण एक फरक आहे, आणि तो फरक हाच माझा मुद्दा. इथल्या कोर्टात निकाल चुकला तर तो चुकला असं म्हणता येतं. कागद मागता येतो. अपील करता येतं. मोर्चा काढता येतो. खैरलांजीनंतर पोरं रस्त्यावर आली म्हणून ते नाव देशाला कळलं. यमाच्या कोर्टात तारीख नाही, वकील नाही, नक्कल मिळत नाही, आणि ज्यानं मारलं तो आरोपीच नसतो. तिथं आरोपी मेलेलाच! तुझंच मागच्या जन्मीचं पाप. पोरगा बीटरमध्ये गेला, कारण त्याचं भरलं होतं. झाकण कुणी काढलं, हा प्रश्नच तिथं येत नाही. गेल्या जन्माची वही उघडली की या जन्माचं मस्टर बंद होतं. मालकाला यम का आवडतो ते समजलं का? गिरणीत दसऱ्याला मशीनला हार घालतात, नारळ फोडतात, आणि झाकण भिंतीलाच टेकलेलं राहतं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये हेच सांगितलंय, की मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत समाजाला गरिबाच्या जबाबदारीतून सोडवण्यासाठी आहे. आणि तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, कामाचे तास, खाणीतल्या बाया, कामगारांचे कायदे यांवर डोकं खपवत होते. एका हातानं त्यांनी यमाची वही फाडली आणि दुसऱ्या हातानं कामगाराचं मस्टर लिहायला घेतलं. आपण पहिला हात लक्षात ठेवला. दुसरा विसरलो.

कुणी म्हणेल, यम बौद्धांच्याही ग्रंथात आहे. आहे. मज्झिमनिकायात देवदूत सुत्त आहे, नरकही आहेत त्यात. बाबासाहेबांचा धम्म स्वर्ग-नरकाच्या भीतीवर उभा नाही, तेव्हा आपण ते डोक्यावर घेत नाही. पण तिथला यम काय विचारतो ते तरी बघा. तो मेलेल्याला जात विचारत नाही, गाय दिलीस का विचारत नाही. तो विचारतो : तू तान्हं पोर बघितलं नाहीस? म्हातारा बघितला नाहीस? आजारी? शिक्षा भोगणारा? मढं? हे बघूनही तुला शहाणपण आलं नाही? आणि म्हणतो, हे तुझ्या आईनं केलं नाही, बापानं नाही, देवांनी नाही, तू केलंस. शेवटी तो यमच मनात म्हणतो, मला माणसाचा जन्म मिळावा आणि बुद्धाचा धम्म ऐकायला मिळावा. एका पोथीत यमाला माणसाचा जन्म ही शिक्षा, दुसऱ्या पोथीत माणसाचा जन्म ही इच्छा. एवढ्यात सगळं आलं.

*

तेव्हा मित्रांनो, करायचं काय? भाषण संपवून चहा प्यायचा नाही.

पुढच्या वेळी वस्तीत कुणी कामावर मेलं, तर दहाव्या-तेराव्याचा खर्च गुपचूप होतो तो आपण आधी जाऊन थांबवायचा. शिव्या देऊन नाही, शेजारी बसून. त्या पैशात पोस्टमॉर्टेमच्या कागदाची नक्कल, पंचनाम्याची नक्कल, वकिलाची पहिली फी. कामगाराला नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडं १९२३ सालीच झाला, मशीनला झाकण पाहिजे हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं. हे पाठ करा. प्रतिज्ञांइतकं पाठ करा.

ठेकेदाराकडं लागलेल्या प्रत्येक पोराची आपली एक वही करा. नाव, खातं, पाळी, कामाला लागल्याची तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. चाळीस पानी वही आणि एक पेन. चित्रगुप्ताच्या वहीवर विश्वास ठेवणाऱ्या आईच्या हातात ही वही द्या. मेल्यावर नाव चढवणाऱ्याच्या तोंडावर ती फेकता येते. आमच्या खात्यात सुरू केलीय. अकरा नावं झालीत. पहिलं नाव मावशीच्या धाकट्याचं आहे.

मी परत मावशीकडं गेलो. दिवा विझव म्हणालो नाही. जिचं एक पोर गेलंय आणि दुसरं त्याच मशीनवर उभं आहे, तिच्या दारातला दिवा विझवायचा अधिकार मला कुणी दिला? आपण म्हणतो ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मी तेवढंच म्हणलं. "मावशी, काळ सोकावलाय. त्याला दिवा लावलास की तो अजून सोकावंल. त्यापेक्षा गेटवर चल. झाकण बसवा म्हणायला आम्ही जाणार हाय."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कवा जायचं?"

झाकण अजून भिंतीलाच आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ते कुठं असेल, मला माहीत नाही. आमच्यातल्या दोघा-तिघांना घरी बसवतील, हे मात्र माहीत आहे.

मरण कुणाला चुकत नाही, हे बुद्धानंही सांगितलं. पण हे मरण चुकलं असतं. त्याला एक झाकण आणि चार बोल्ट लागत होते.

जय भीम.